बॅग फोनवर दिसते, पण हातात कधी येते?

गेल्या डिसेंबरचा पहिला आठवडा आठवतोय? २ डिसेंबर २०२५ पासून इंडिगोची विमानं धडाधड रद्द व्हायला लागली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजाराच्या वर उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या ड्युटीच्या आणि विश्रांतीच्या वेळेच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला होता आणि तेवढे वैमानिक कंपनीच्या वेळापत्रकात बसत नव्हते. बातम्यांमध्ये आपण सगळ्यांनी पाहिले ते बॅगांचे ढीग. माणसं एका शहरात, बॅगा दुसऱ्या शहरात, काही बॅगा तर रद्द झालेल्या विमानातून काढून तिथेच ठेवलेल्या. ६ डिसेंबरला केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं आदेश दिला की प्रवाशांपासून दुरावलेलं सगळं सामान ४८ तासांत शोधून पोचवा. ८ डिसेंबरला जो आकडा जाहीर झाला तो असा होता : एकूण ९,००० बॅगा, त्यातल्या ४,५०० पोचवल्या, बाकीच्या पोचवायच्या आहेत.

त्यानंतर माझ्या ओळखीतल्या निदान चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "अरे, तो एअरटॅग का काय असतो, तो घेऊ का?"

घ्या. पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे आधी समजून घ्या. आपल्या वाशिमच्या लोकांनी तर जरा जास्तच नीट समजून घ्यायला पाहिजे.

कारण सरळ आहे. आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. अमरावतीचं बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, तिथून मुंबईला अलायन्स एअरचं छोटं एटीआर विमान जातं. नांदेड आहे, छत्रपती संभाजीनगर आहे. पण परदेशातून किंवा बंगळूर-दिल्लीहून येणारा आपला माणूस बहुतेक वेळा नागपूरलाच उतरतो आणि तिथून समृद्धी महामार्गानं कारंजा नाहीतर शेलूबाजारला खाली उतरतो. पुण्याच्या माणसाची बॅग राहिली तर तो दुसऱ्या दिवशी रिक्षानं जाऊन काउंटरवर भांडू शकतो. मंगरुळपीरच्या किंवा रिसोडच्या माणसासाठी तो अख्ख्या दिवसाचा आणि काही हजार रुपयांच्या डिझेलचा मामला आहे.

मावसभावाची बॅग

माझा मावसभाऊ मागच्या वर्षी आखातातून आला. मुंबईला विमान बदलून नागपूर. बॅगेला निघतानाच नागपूरचा टॅग लागलेला, त्यामुळे त्याला वाटलं बॅग आपोआप नागपूरला येणार. साधारणपणे असं होत नाही. परदेशातून भारतात आल्यावर ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता, तिथे बॅग पट्ट्यावरून घ्यायची, कस्टममधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करायची. ह्यानं घेतली नाही. नागपूरच्या पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, ह्याची नाही. पण बॅगेत टॅग होता. फोन उघडला तर बॅग मुंबईच्या टर्मिनल २ वर, "११ मिनिटांपूर्वी दिसली."

आणि इथेच त्यानं घोळ केला. बॅग कुठे आहे हे कळल्यावर त्याला एकदम हायसं वाटलं. बाहेर मावसोबा गाडी घेऊन थांबलेले, रात्रीचे दहा वाजलेले, जेवण व्हायचं होतं. "सापडली ना? मग चल, घरी जाऊन फोन करू." निघाले. कोणताही फॉर्म भरला नाही, नंबर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या हेल्पलाइनचा पहिला प्रश्न : "तुमचा तक्रार क्रमांक सांगा." तो नव्हताच. पुढचे पाच दिवस फोनवर बॅग दिसत होती, त्याच टर्मिनलवर, कधी थोडी इकडे कधी थोडी तिकडे. दिसत होती, एवढंच. शेवटी त्याच्या ओळखीचा एक जण मुंबईहून येणार होता, त्याला अधिकारपत्र देऊन बॅग सोडवली.

चूक मुख्यतः त्याचीच होती, हे तोही मान्य करतो. पण ह्या गोष्टीत टॅगचा अख्खा प्रश्न आला आहे. बॅगेचं लोकेशन तुमच्याकडे असतं आणि बॅग कंपनीकडे. ह्या दोन गोष्टी एकमेकांना जोडल्या गेल्या नाहीत तर नकाशावरच्या ठिपक्याचा काही उपयोग नाही.

कंपनीला तुमची बॅग कशी दिसते

चेक-इनला बॅगेच्या हँडलला जी लांब कागदी पट्टी लावतात, तिच्यावर दहा आकडी नंबर असतो. त्यातले तीन आकडे विमान कंपनीचा कोड, शेवटचे सहा तुमच्या बॅगेचा क्रमांक. ह्याच नंबरची छोटी चिठ्ठी तुमच्या बोर्डिंग पासला चिकटवून देतात, जी आपण सगळे हरवतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कंपन्यांनी बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायला हवी : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि शेवटी प्रवाशाला देताना.

म्हणजे कंपनीच्या सिस्टिममध्ये बॅग ही नकाशावरचा ठिपका नसते. ती स्कॅनची यादी असते. "इतक्या वाजता इथे स्कॅन झाली." दोन स्कॅनच्या मध्ये बॅग कुठे आहे, हे सिस्टिमला माहीत नसतं. पट्टी फाटली, स्कॅन चुकला, ट्रॉलीवरून खाली पडली, की सिस्टिमच्या दृष्टीनं बॅग गायब. म्हणून काउंटरवरचा माणूस जेव्हा म्हणतो "सर, सिस्टिममध्ये दिसत नाहीये," तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याच्या स्क्रीनवर खरंच काही नसतं.

जगभरात हे प्रमाण किती? विमानतळांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सीता कंपनीच्या अहवालानुसार २०२४ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगा उशिरा पोचल्या, खराब झाल्या किंवा हरवल्या. २०२३ मध्ये हा आकडा ६.९ होता. त्यात सगळ्यात मोठा वाटा, ४१ टक्के, विमान बदलताना होणाऱ्या घोळाचा. आपल्याकडून जाणारा माणूस जवळजवळ नेहमीच विमान बदलतो, हे लक्षात घ्या.

टॅगमध्ये जीपीएस नसतं

हे ऐकून बरेच जण चकित होतात. एअरटॅगमध्ये किंवा जिओटॅग गो सारख्या टॅगमध्ये जीपीएस नाही, सिम नाही, इंटरनेट नाही. आहे मुख्यतः एक ब्लूटूथ चिप आणि नाण्याएवढा सीआर२०३२ सेल, जो साधारण वर्षभर चालतो. टॅग दर थोड्या वेळानं हळू आवाजात "मी इथे आहे" एवढंच ओरडत असतो, तेही एका बदलत्या सांकेतिक ओळखीनं. आसपासून जाणारा एखाद्या अनोळखी माणसाचा फोन ते ऐकतो, स्वतःचं लोकेशन कुलूपबंद करून सर्व्हरवर टाकतो आणि त्या कुलपाची किल्ली फक्त तुमच्या फोनमध्ये असते. ज्याच्या फोननं ऐकलं त्याला काही कळत नाही. अॅपललाही ते लोकेशन वाचता येत नाही.

थोडक्यात, टॅगचे डोळे म्हणजे दुसऱ्यांचे फोन. जिथे फोन जास्त तिथे टॅग हुशार. मुंबईच्या टर्मिनलवर दर मिनिटाला शेकडो फोन जवळून जातात, म्हणून तिथे ठिपका ताजा असतो. विमान हवेत असताना बॅग खाली सामानाच्या कप्प्यात असते आणि वरच्या फोनना इंटरनेट नसतं, त्यामुळे नवं लोकेशन सहसा मिळत नाही. तुम्ही नागपूरला उतरता आणि फोनवर बॅग अजून दिल्लीलाच दिसते, तेव्हा लगेच घाबरू नका. वेळ बघा. "दोन तासांपूर्वी" असेल तर ते जुनं लोकेशन आहे, बॅग कदाचित तुमच्याच विमानाच्या पोटात आहे. "३ मिनिटांपूर्वी, दिल्ली" असेल तर मात्र बॅग खरंच मागे राहिली. ठिपक्यापेक्षा त्याच्याखालची वेळ महत्त्वाची, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धा गोंधळ संपतो.

आता खरेदीचा प्रश्न. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन आहे आणि एअरटॅग अँड्रॉइडवर सेटच होत नाही. अॅपलचं नेटवर्क वेगळं, गुगलचं वेगळं. गुगलचं नेटवर्क एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालं, आता त्या अॅपचं नाव फाइंड हब आहे. जिओचेच तीन प्रकार आहेत आणि नावं इतकी सारखी की दुकानदारही गोंधळतो. जिओटॅग एअर अॅपलच्या नेटवर्कवर चालतो, जिओटॅग गो गुगलच्या आणि सगळ्यात आधी आलेला स्वस्त जिओटॅग जिओच्या स्वतःच्या. सॅमसंगचा स्मार्टटॅग फक्त गॅलेक्सी फोनवर. विमानप्रवासासाठी घेत असाल तर अँड्रॉइडवाल्यांनी खोक्यावर गुगल फाइंड हब किंवा त्याचं जुनं नाव फाइंड माय डिव्हाइस लिहिलंय का, तेवढं बघायचं. एखाद्या कंपनीच्या खासगी नेटवर्कवरचा टॅग फ्रँकफर्टला काही कामाचा नाही, तिथे त्याला ऐकणारं कोणी नाही.

आणि एक सेटिंग, जे मला स्वतःला उशिरा कळलं. गुगलनं सुरुवातीलाच काळजी घेतली की एकट्यादुकट्या फोनच्या नोंदीवरून कोणाचा पाठलाग होऊ नये. म्हणून फाइंड हबचं मूळ सेटिंग "फक्त गर्दीच्या ठिकाणी" असं असतं. म्हणजे अनेक फोननी टॅग ऐकला, तरच लोकेशन दाखवायचं. पुणे स्टेशनवर ठीक आहे. पण मी एकदा टॅग टाकलेली बॅग कारंज्याहून एसटीनं वाशिमला पाठवून पाहिली. बस निघाल्यावर ठिपका कारंज्यातच अडकला आणि थेट वाशिमला आल्यावर हलला. मधल्या रस्त्यावर फोन नव्हते असं नाही, बसमध्ये पन्नास माणसं होती. बहुतेकांचं सेटिंग मूळचंच असणार. सेटिंग्जमध्ये गुगल, त्यात फाइंड हब, त्यात ऑफलाइन डिव्हाइस शोधण्याचा पर्याय आणि तिथे "सगळ्या ठिकाणी" निवडा. ह्यानं तुमचा फोन दुसऱ्याची हरवलेली वस्तू दाखवायला मदत करतो, अगदी तो एकटाच जवळ असला तरी. जिल्ह्यातल्या हजारभर पोरांनी हे केलं तर मालेगावच्या बसस्टँडवर राहिलेली बॅगही सापडायला लागेल. विमान कंपनीचं कुरियर तुमची बॅग घेऊन नागपूरहून निघालं, पण मध्येच कुठल्या तरी गोदामात पडून राहिलं, तेव्हाही हेच नेटवर्क कामी येणार आहे.

ठिपका कंपनीपर्यंत पोचवायचा कसा

खरा बदल इथे झाला आहे, आणि तो नवीन आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १८.२ मध्ये एक सोय आली. हरवलेल्या टॅगच्या लोकेशनची एक लिंक तयार करायची आणि ती विमान कंपनीला द्यायची. त्यांचे कर्मचारी तो ठिपका त्यांच्या स्क्रीनवर बघू शकतात. लिंक सात दिवसांनी किंवा बॅग तुम्हाला मिळाली की आपोआप बंद होते. सीतानं हे वर्ल्डट्रेसर नावाच्या सिस्टिमशी जोडलं, जी हरवलेल्या सामानासाठी जगभरातल्या विमान कंपन्या वापरतात. एअर इंडियानं एप्रिल २०२५ मध्ये ही सोय आपल्या अॅपमध्ये आणली, असं करणारी आशियातली पहिली कंपनी म्हणून. गुगलनंही मे २०२५ मध्ये फाइंड हबसाठी अशीच योजना जाहीर केली, त्यात सुरुवातीला ब्रिटिश एअरवेज, सिंगापूर एअरलाइन्स, कॅथे पॅसिफिक, आयबेरिया आणि एअर लिंगस ही नावं होती. त्या सुरुवातीच्या यादीत भारतीय कंपनी एकही नव्हती. अँड्रॉइडवर चालणाऱ्या देशात ही गंमतच होती.

२०२६ च्या जानेवारीत अॅपलनं नवा एअरटॅग आणला तेव्हा सीताच्या हवाल्यानं सांगितलं की लिंक स्वीकारणाऱ्या कंपन्यांमध्ये सामान उशिरा मिळण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी आणि कायमचं हरवण्याचं ९० टक्क्यांनी घटलं. आकडे विकणाऱ्यांचे आहेत, त्यामुळे मी ते जरा हात राखूनच घेतो. पण दिशा पटते. कायमची हरवलेली बॅग म्हणजे बहुतेक वेळा पट्टी फाटलेली, मालक माहीत नसलेली, कुठल्या तरी खोलीत पडलेली बॅग. तिचं नाव-गाव सांगणारं कोणी भेटलं, तर ती सापडणारच.

आणि ज्या कंपनीत लिंक चालत नाही तिथे? स्क्रीनशॉट. ठिपका आणि वेळ दोन्ही दिसतील असा काढा आणि तक्रारीसोबत जोडा. काउंटरवर फोन नाचवून "बघा बघा इथे आहे" म्हणण्यापेक्षा "टर्मिनल २, आगमन कक्षाची बाजू, ९ वाजून ४० मिनिटं" असं फॉर्ममध्ये लिहून घ्यायला लावा. तोंडी सांगितलेलं त्या माणसाची शिफ्ट संपली की संपतं.

टॅग ठेवायला परवानगी आहे का?

आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या लुफ्तान्सानं ट्विटरवर सांगून टाकलं की चेक-इन बॅगेतले एअरटॅग बंद पाहिजेत, ते धोकादायक वस्तूंमध्ये मोडतात. जगभर गदारोळ झाला. कारण त्याच उन्हाळ्यात युरोपातल्या विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले होते आणि लोक टॅगच्या पुराव्यावर कंपन्यांना उघडं पाडत होते. काही दिवसांत जर्मन विमान वाहतूक प्राधिकरणानं सांगितलं की इतक्या कमी क्षमतेची बॅटरी आणि सिग्नल असलेल्या वस्तूंचा धोका नाही, आणि लुफ्तान्सानं शब्द मागे घेतला. नियमाची मर्यादा अशी : बॅटरीत लिथियम धातू ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, किंवा चार्ज होणारी बॅटरी असेल तर २.७ वॉट-तासांपेक्षा जास्त नको. सीआर२०३२ मध्ये ०.१ ग्रॅमच्या आसपासच लिथियम असतं.

पण ऑनलाइन मिळणारा बाइकचा सिमवाला जीपीएस ट्रॅकर बॅगेत टाकू नका. त्याची बॅटरी बहुतेक वेळा ह्या मर्यादेच्या बरीच वर असते. पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत चालतच नाही. तपासणीत सापडली तर बॅग बाजूला निघते आणि मग ती ज्या विमानात जायची त्यात जात नाही. बॅग हरवू नये म्हणून ट्रॅकर आणि त्या ट्रॅकरमुळेच बॅग मागे, असा उलटा प्रकार.

आईच्या बॅगेत तुमचा टॅग ठेवणार असाल तर तिला आधी सांगा. २०२४ पासून अॅपल आणि गुगल दोघांचे फोन "अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय" असा इशारा देतात. दिल्लीच्या विमानतळावर माझ्या आईनं तो वाचला आणि सीआयएसएफच्या जवानाला दाखवायला निघाली होती.

नागपूरच्या पट्ट्याजवळून हलण्याआधी

मावसभावानं जे केलं नाही, ते हे. पट्टा थांबला, बॅग आली नाही, की बाहेर पडायच्या आधी कंपनीच्या सामान काउंटरवर जाऊन तक्रार नोंदवा. त्या फॉर्मला पीआयआर म्हणतात. त्यावर दहा अक्षर-आकड्यांचा संदर्भ क्रमांक मिळतो, तोच पुढे वर्ल्डट्रेसरमध्ये चालतो. बाहेर गाडी थांबली असेल, थांबू दे. घरचा पत्ता पिनकोडसकट आणि दोन मोबाइल नंबर द्या. बॅग घरपोच पाठवणार का, हे तिथेच विचारा आणि लिहून घ्या. वाशिम म्हटल्यावर समोरचा "कुठे आलं हे?" असं बघेल, म्हणून अकोल्याच्या दक्षिणेला, रेल्वे स्टेशन आहे, वगैरे सांगायची तयारी ठेवा.

पैशाचं गणित माहीत असलं की आवाजात जोर येतो. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, खराब झालं किंवा उशिरा आलं तर २०१९ च्या प्रवासी सनदेनुसार भरपाईची कमाल मर्यादा माणशी २०,००० रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करार लागतो. त्यातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ते पावणेदोन ते दोन लाख रुपयांच्या दरम्यान बसतं. ही कमाल रक्कम आहे, आपोआप मिळणारी नाही. नुकसान दाखवावं लागतं, म्हणून बॅग भरताना आतल्या सामानाचा एक फोटो काढून ठेवलेला बरा. मुदतीही त्याच करारात आहेत. बॅग फाटून आली तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. कंपनी दाद देत नसेल तर मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल आहे, तिथे पीआयआर क्रमांक टाकून तक्रार करा.

ह्या सगळ्यात टॅगची जागा पुराव्याची आहे. कंपनी म्हणाली "बॅग आमच्याकडे नाही" आणि तुमच्याकडे सहा दिवसांचे स्क्रीनशॉट असले, तर बोलणं बदलतं. पण ठिपका विमानतळाबाहेर एखाद्या घरावर दिसला तर स्वतः तिथे जाऊन दार वाजवू नका. सारख्या रंगाच्या बॅगांची अदलाबदल खूप होते आणि बहुतेक वेळा समोरच्यालाही बॅग उघडेपर्यंत कळलेलं नसतं. कंपनीला कळवा, त्यांच्याकडे त्या विमानातल्या प्रवाशांचे नंबर असतात. चोरीच वाटली तर पोलीस.

टॅग ठेवताना बाहेरच्या कप्प्यात नको, तिथून पडतो किंवा कोणी काढतो. आत मधोमध, कपड्यांच्या घडीत. पूर्ण धातूच्या बॅगेत सिग्नल दबतो, प्लास्टिकच्या किंवा कापडी बॅगेत अडचण नाही. निघायच्या आदल्या दिवशी सेल किती उरलाय ते अॅपमध्ये बघा. आणि चेक-इनला ती दहा आकडी चिठ्ठी हातात पडली की पहिल्यांदा तिचा फोटो काढा. मावसभाऊ गेल्या महिन्यात परत गेला, तेव्हा त्यानं चिठ्ठीचा फोटो थेट आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली मावसोबांचा रिप्लाय : "ही कसली लॉटरी?"